ब्रँच सोडताना: एका केंद्र अधिकाऱ्याची दोन वर्षं

मे महिन्यातली रात्र. दोन वाजून वीस मिनिटांनी कंट्रोलकडून, म्हणजे नियंत्रण कक्षाकडून, आलेल्या वर्दीत (आगीच्या खबरीत) एवढंच होतं: भुलेश्वरच्या बाजूची गल्ली, तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी इमारत, दुसऱ्या मजल्यावरून धूर. दक्षिण मुंबईत नोकरी केलेल्या कुणालाही पुढचं चित्र न सांगता दिसतं. लाकडी जिना, सागवानी तुळया, कोब्याची जमीन, खाली दुकानं, वर कापडाची गोदामं आणि त्यांच्या मधेमधे अजून राहणारी दोन-चार कुटुंबं. गल्लीत बंब शिरत नाही. तो तोंडाशी उभा करायचा आणि होज खांद्यावरून आत न्यायची.

पहिल्या बंबावरचा केंद्र अधिकारी, म्हणजे अग्निशमन केंद्र सांभाळणारा अधिकारी, चौतीस वर्षांचा होता. बढती मिळून आठ महिने झाले होते. ब्रँच धरावी तर त्याने, असं त्याच्या तुकडीतले सगळे म्हणायचे. ब्रँच म्हणजे होजच्या टोकाला असलेला पितळी भाग, ज्यातून पाण्याचा फवारा सुटतो. तो हातात घेऊन धुरात सगळ्यात पुढे जाणारा माणूस आमच्याकडे मानाचा. हा मुलगा त्या मानाला पूर्ण लायक होता. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातला अभ्यासक्रमही त्याने चांगल्या गुणांनी पूर्ण केला होता.

मी तेव्हा मुंबई अग्निशमन दलात विभागीय अधिकारी, म्हणजे त्याचा वरिष्ठ, होतो. मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा वर्दी मिळून बावीस मिनिटं झाली होती. त्या बावीस मिनिटांत काय झालं आणि पुढच्या दोन वर्षांत आम्ही त्याचं काय केलं, तेवढंच या प्रकरणात मांडतो आहे. केंद्राचं, गल्लीचं आणि माणसांचं नाव देत नाही. त्यातले बरेच जण अजून सेवेत आहेत.

बावीस मिनिटं

तोंडाशी तीन बंब आणि एक जम्बो टँकर लागलेला होता. पंपावरच्या यंत्रचालकाला विचारलं, "इन्चार्ज कुठे आहे?" तो म्हणाला, "साहेब आत आहेत." वॉकीटॉकीवर दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही. पाण्याच्या आवाजात, तोंडावर मास्क असताना, ब्रँच दोन्ही हातांनी धरलेली असताना वॉकीटॉकीला उत्तर देता येतच नाही. हे मला माहीत होतं, कारण त्या वयात मीही असाच आत असायचो.

दुसऱ्या बंबावरचा दुय्यम अधिकारी आला तेव्हा त्याला काय करायचं ते सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून त्याने स्वतःच्या अकलेने शेजारच्या इमारतीच्या गॅलरीतून दुसरी होज चढवली आणि मागच्या खिडकीतून पाणी मारायला सुरुवात केली. त्याचा हेतू चांगला होता. पण आत जिन्याच्या बाजूने पहिली तुकडी पुढे सरकत होती. दोन बाजूंनी समोरासमोर पाणी लागलं की मधली आग, वाफ आणि धूर कुणाच्या तरी अंगावर जातात. इथे ते आतल्या पोरांच्या अंगावर जात होते. तिसऱ्या बंबावरच्यांनी कुणी न सांगता तिसऱ्या मजल्यावरची दोन कुटुंबं गच्चीवरून पलीकडच्या इमारतीत नेली. त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. पण ते झालं आहे हे खाली कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे आणखी दोन जवान त्याच कुटुंबांना शोधायला धुरात चढत होते.

इमारतीची वीज अजून चालू होती. वीज पुरवणाऱ्या बेस्टचा माणूस गल्लीच्या पलीकडच्या टोकाला येऊन उभा होता आणि कुणी बोलावेल म्हणून थांबला होता.

श्वसन उपकरण लावून आत कोण गेलं, किती वाजता गेलं, सिलिंडरमध्ये किती हवा होती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्या बीए सेटचा, म्हणजे याच उपकरणाचा, सहा लिटरचा सिलिंडर तीनशे बार दाबापर्यंत भरला की साधारण अठराशे लिटर हवा होते. शांत बसलेल्या माणसाला ती बराच वेळ पुरते. होज ओढत लाकडी जिना चढणारा जवान मिनिटाला पन्नास-साठ लिटर खातो, म्हणजे हाती अर्धा तास. त्यातून परतीचा वेळ वजा करायचा, कारण पन्नास-पंचावन्न बारवर शिटी वाजायला लागते. हा हिशेब बाहेर उभ्या माणसाने करायचा असतो. आतल्याला तो सुचत नाही.

जिन्याच्या तळाशी एक प्रमुख अग्निशामक (जवानांतलं वरचं पद, अधिकारी नव्हे) उभे होते. निवृत्तीला एखादं वर्ष राहिलेलं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते जिन्याकडे बॅटरी मारून बघत होते. मला म्हणाले, "साहेब, दुसऱ्या वळणावरची तुळई भिंतीतून दोन बोटं सुटलीय. मघाशी एकच बोट होती." एवढं बोलून ते वर गेले. केंद्र अधिकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, होज जागेवर टाकायला लावली आणि पाचही जणांना खाली घेऊन आले. त्यातल्या एका पोराच्या सिलिंडरची शिटी वाजत होती. पाण्याच्या आवाजात ती दुसऱ्याच कुणाची आहे असं त्याला वाटलं होतं.

पुढे आम्ही समोरच्या इमारतीतून आणि गॅलरीतून पाणी मारत राहिलो. पहाटे पाचच्या सुमारास दुसऱ्या मजल्याची अर्धी जमीन पहिल्या मजल्यावर आली. तेव्हा आत कुणी नव्हतं. कुणाला खरचटलंही नाही.

बाहेर आल्यावर मास्क काढून केंद्र अधिकाऱ्याने पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "साहेब, अजून पाच मिनिटं मिळाली असती तर मारली असती." तो खोटं बोलत नव्हता. दहा बाय बाराच्या ज्या खोलीत तो होता तिथली आग खरंच दबत आली होती. त्या खोलीच्या बाहेर काय चाललं होतं ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक असणं हेच त्या रात्री त्याचं काम होतं.

चूक कुणाची

सोपं उत्तर होतं. एक कारणे दाखवा नोटीस, एक ताशेरा आणि बदली. मी तसं केलं नाही, त्याला कारण आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आठ महिन्यांच्या वर्द्यांची वही चाळली. मोठ्या म्हणाव्यात अशा अकरा वर्द्या होत्या. त्यातल्या नऊ ठिकाणी मी पोचलो होतो, आणि नऊच्या नऊ ठिकाणी पोचताक्षणी मी सूत्रं हातात घेतली होती. "तू आत बघ, बाहेरचं मी बघतो," हे माझं ठरलेलं वाक्य. मला वाटायचं मी त्याला मदत करतो आहे. खरं तर मी त्याला आठ महिने परत ब्रँचवर पाठवत होतो. बढतीसाठी त्याच्याबद्दल जी शिफारस लिहिली होती तीही काढून वाचली. 'अत्यंत धाडसी', 'स्वतः पुढे राहून काम करतो'. अधिकारी म्हणून तो काय करेल, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. ते माझंच अक्षर होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी, कारण हे वाचणारे दलातले तरुण चटकन रागावतील. अधिकाऱ्याने पुढे असणं ही आमची परंपरा आहे आणि ती उसनी नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली आणि इमारत कोसळली. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, सहायक विभागीय अधिकारी संजय राणे आणि केंद्र अधिकारी महेंद्र देसाई असे चार जण त्यात गेले. राणे आणि देसाई ढिगाऱ्यात गेले, अमीन आणि नेसरीकर उपचार सुरू असताना त्याच महिन्यात. दलाचा सर्वोच्च अधिकारी आणि थेट केंद्र सांभाळणारा अधिकारी एकाच इमारतीत, एकाच कामावर. आपल्या माणसांना पुढे पाठवून स्वतः मागे राहायचं नाही, हे त्यांनी कुणाला भाषणातून शिकवलं नव्हतं. त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात आजही जड होतो. पण त्या दिवसाने दलापुढे एक प्रश्न ठेवला आणि तो प्रश्न न विचारणं हा त्यांचा आदर नव्हे, असं मला मनापासून वाटतं. वरच्या चार पायऱ्या एका वेळी गेल्या तर खालच्या पायरीवरचा माणूस दुसऱ्या मिनिटाला सूत्रं घ्यायला तयार आहे का?

दुसऱ्या टोकाचं उदाहरण आम्ही दर वर्षी पाळतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन या बोटीच्या पोटात धूर दिसला. बोटीत कापसाचे गठ्ठे आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. दुपारी धूर दिसल्यापासून चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट होईपर्यंत साधारण दोन तास हातात होते. बोटीचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे दारूगोळ्याचे जाणकार होते, अग्निशमन दल होतं. बोट जागीच बुडवावी की बाहेर खेचून न्यावी, यावर ज्याचा शब्द शेवटचा असेल असा माणूस मात्र नव्हता. दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलला आम्ही मानवंदना देतो, आठवडाभर शाळांमधून प्रात्यक्षिकं करतो. त्या दोन तासांबद्दल मात्र पोरांशी बोलत नाही. माझ्या मते त्या दिवसाचा खरा धडा त्या दोन तासांत आहे: पाणी मारणारे भरपूर होते, आणि सगळ्यांच्या वतीने ठरवणारा कुणी नव्हता. भुलेश्वरच्या त्या गल्लीत, फार लहान प्रमाणात, बावीस मिनिटं तेच घडलं होतं.

खडूने काढलेला जिना

आगीनंतर दोन दिवसांनी केंद्राच्या आवारात, बंब उभे राहतात त्या फरशीवर, आम्ही बसलो. टेबल-खुर्ची नाही, बैठकीची लेखी नोंद नाही, कुणाचा जबाब नाही. चहा सांगितला आणि खडू दिले. "सगळ्यात कमी नोकरी झालेला आधी बोलेल, मी सगळ्यात शेवटी," एवढा एकच नियम. वरिष्ठ आधी बोलला की बाकीच्यांना एकदम आठवायला लागतं की साहेबांना जे दिसलं तेच त्यांनाही दिसलं होतं.

पहिला बोलला तो शिटीवाला पोरगा. त्याने फरशीवर खोली काढली, स्वतःची जागा दाखवली आणि म्हणाला, "मागून गरम आलं तेव्हा मला वाटलं आग फिरली." गॅलरीतून पाणी मारणाऱ्या दुय्यम अधिकाऱ्याचा चेहरा पडला. त्याला तोपर्यंत माहीत नव्हतं. कुणी कुणाला दोष दिला नाही. दोन्ही होज खडूने काढल्यावर फरशीवर सगळं दिसतच होतं. केंद्र अधिकारी बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी या चित्रात कुठेही उभा असतो तरी मला दुसरी होज दिसली नसती. फक्त इथून दिसली असती." आणि त्याने गल्लीच्या तोंडाशी खडूने एक टिंब काढलं.

आमचं काम त्या टिंबापासून सुरू झालं.

पहिली गोष्ट मी स्वतःसाठी ठरवली. त्याच्या हद्दीत पोचलो तर दहा मिनिटं सूत्रं घ्यायची नाहीत. त्याच्या मागे, डाव्या खांद्याच्या बाजूला उभं राहायचं. जीव जाईल असं काही दिसलं तरच तोंड उघडायचं. हे सांगायला सोपं आहे. पहिल्या तीन वर्द्यांत मी मुठी आवळून उभा होतो. माणूस आपल्यापेक्षा हळू विचार करतो आहे आणि आपण गप्प राहायचं, हे पंचवीस वर्षं हुकूम दिलेल्या माणसाला अंगावर येतं. पण त्याला वेळ लागत होता तो विचार न येण्याने नव्हे, माझ्याकडून हुकूम येण्याची सवय झाल्यामुळे.

दुसरी गोष्ट लहान वर्द्यांची. मीटरबॉक्स, कचऱ्याचा ढीग, बंद फ्लॅटमधलं करपलेलं जेवण, रस्त्यात पेटलेली गाडी. अशा वर्द्या रोजच्या, त्यांना कुणी मोजत नाही. तिथे त्याने ब्रँचला हात लावायचा नाही, असं ठरलं. गाडीची आग असली तरी बंबातून उतरल्यावर पहिल्या मिनिटाला कंट्रोलला पूर्ण निरोप द्यायचा: काय आहे, कुठे आहे, कुठवर पसरेल, मी काय करतो आहे, मला काय हवं आहे आणि सूत्रं कुणाकडे आहेत. सुरुवातीला जवान हसायचे. एका रिक्षासाठी एवढं भाषण! दोन महिन्यांत हसणं थांबलं, कारण मागून येणाऱ्या गाडीला आपण कुठे जायचं ते रस्त्यातच कळायला लागलं. वर्दी दोन नंबरची करायची की तीनची, म्हणजे आग किती मोठी धरायची, हेही तो निरोप देता देता ठरवू लागला. आधी तो मी येण्याची वाट बघायचा.

तिसरी गोष्ट मामांची. दुपारी वर्दी नसली की केंद्र अधिकारी आणि चार जवान मामांबरोबर हद्दीत फिरायचे. भुलेश्वर, काळबादेवी, मंगलदास मार्केटच्या मागच्या गल्ल्या. बहुतेक इमारती १९४० च्या आधीच्या, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी ज्यांच्यावर उपकर लागतो अशा), अनेकदा टेकू दिलेल्या. मामा जिन्याखाली उभं राहून शिकवायचे. तुळईचं टोक भिंतीत किती गेलंय ते बघा. प्लास्टर पोटासारखं फुगलंय का बघा. मजल्यावर नंतर काढलेला पोटमाळा आहे का, त्याखाली लोखंडी गर्डर आहे का. लाकूड मिनिटाला पाऊण मिलीमीटरच्या आसपास जळत जातं, त्यामुळे जाड सागवानी तुळई जळताना बराच वेळ उभी राहते आणि आधी चिन्हं दाखवते. उघडा लोखंडी गर्डर साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मं बळ गमावतो. आकडे मी सांगायचो. ओळखायचं कशावरून, ते मामा दाखवायचे.

कापडाच्या गोदामाबद्दल त्यांनी सांगितलेलं मी स्वतः तोपर्यंत नीट मोजलं नव्हतं. एका ब्रँचमधून मिनिटाला चारशे-पाचशे लिटर पाणी जातं. तीन ब्रँच वीस मिनिटं चालल्या की पंचवीस-तीस टन पाणी इमारतीत गेलं. त्यातलं बरंच जिन्याने खाली येतं. पण कापडाचे तागे आणि गठ्ठे पाणी पितात आणि वरच राहतात. म्हणजे आपण आग कमी करत असतानाच जमिनीवरचं ओझं वाढवत असतो. "जिन्यावरून पाणी खाली येणं कमी झालं ना, की घाबरायचं," मामा म्हणायचे. "पाणी जातंय आणि येत नाही, म्हणजे ते वर बसलंय."

गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आगीवरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. त्याला असं दिसलं की अनुभवी अधिकारी चार पर्याय मांडून त्यांची तुलना करत नाहीत. समोरचं दृश्य पूर्वी पाहिलेल्या कशाशी जुळतं ते त्यांना ओळखू येतं आणि त्यातून सुचलेला पहिला चालण्यासारखा मार्ग ते घेतात. वर्गात पर्यायांचे तक्ते भरून घेण्याने आमच्याकडे फारसं काही का घडत नाही, ते मला यातून कळलं. डोक्यात दृश्यं नसतील तर जुळणार कशाशी? मामांच्या डोक्यात तीस वर्षांची दृश्यं होती, आणि ती त्यांच्याबरोबर निवृत्त होणार होती. ते अधिकारी झाले नाहीत, परीक्षेला कधी बसले नाहीत. पण या प्रकरणातला खरा शिक्षक कोण, असं मला विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन.

मुख्यालयाच्या मदतीने एक टेबलावरचा सरावही घेतला होता. प्रोजेक्टर, नकाशा, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये काढलेली घटना प्रतिसाद प्रणालीची तत्त्वं. एका माणसाने थेट पाच-सात जणांपलीकडे सांभाळू नये, हे त्यात पटण्यासारखं होतं आणि आम्ही ते उचललं. बाकीचा दिवस वाया गेला. सगळे बरोबर उत्तरं देत होते.

जास्त सावध

या प्रकरणाचा पुढचा भाग सांगायला मला आवडत नाही, पण तो गाळला तर बाकीचं खोटं ठरेल.

साधारण सात महिन्यांनी केंद्र अधिकारी अतिसावध झाला. गिरगावच्या बाजूला एका चाळीत पहिल्या मजल्यावर आग लागली. एक खोली, स्वयंपाकघर, दुपारची वेळ, आत कुणी नाही. जिना दगडी. दोन जवान आत पाठवले असते तर आग त्याच खोलीत संपली असती. तो गल्लीत उभा राहून निरोप देत राहिला, मागवलेल्या गाड्यांची वाट बघत राहिला, वीज बंद झाल्याची दोनदा खात्री करत राहिला. सहा-सात मिनिटांत आग लाकडी पार्टिशनमधून शेजारच्या दोन खोल्यांत गेली. तीन कुटुंबांचा संसार गेला. एका आजींची पेटी होती, लग्नातली. जळालेली कडी हातात घेऊन त्या पायरीवर बसल्या होत्या.

मी त्याच्या मागे उभा होतो. दहा मिनिटं गप्प राहायचं ठरलं होतं आणि जीव जाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. ते बरोबर केलं की चूक, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. माझ्या शिकवण्याची किंमत त्या तीन कुटुंबांनी दिली, असं मला वाटतं आणि ते वाटणं जात नाही.

त्या दिवसाच्या बैठकीत फरशीवर खडू घेऊन तो स्वतःच आधी बसला. "मी ब्रँच सोडली, पण ती दुसऱ्याच्या हातात दिली नाही," तो म्हणाला. मला ते वाक्य त्या सगळ्या दोन वर्षांतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे उभं राहून सगळं स्वतः करणं आणि मागे उभं राहून काहीच घडू न देणं, दोन्हींत माणसांवर विश्वास नसतो. त्या महिन्यापासून त्याने एक बदल केला. ड्युटी सुरू होताना आज ब्रँचवर कोण, हवेचा हिशेब कोण ठेवणार, जिना कोण बघणार, हे नावानिशी ठरायला लागलं. आणि ज्याला जे दिलं त्यात तो नाक खुपसत नसे. ब्रँचवर ठरलेल्याला एकच सूचना असे: दार दिसलं, जिना शाबूत आहे, आत जा. माझी वाट बघू नको.

दुसरी वर्दी

पहिल्या रात्रीनंतर एकोणीस महिन्यांनी तशीच वर्दी आली. या वेळी संध्याकाळी सातला, गर्दीच्या वेळी. जुनी इमारत, तळमजला अधिक चार, तिसऱ्या मजल्यावर कापड आणि खोक्यांचं गोदाम. मी पोचलो तेव्हा केंद्र अधिकारी गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा होता. तिथून जिन्याचं दार आणि मागची गॅलरी दोन्ही दिसत होतं. शेजारी एक जवान पाटीवर नावं आणि वेळा लिहीत होता. बेस्टचा माणूस काम करून परतला होता. मला बघून केंद्र अधिकाऱ्याने अर्ध्या मिनिटात स्थिती सांगितली आणि विचारलं, "सूत्रं घेताय का, साहेब?" मी म्हटलं, "तुझ्याकडेच राहू दे."

आत दोन ब्रँच चालू होत्या. पंचविसाव्या मिनिटाला जिन्याखालच्या जवानाने वॉकीटॉकीवर सांगितलं की खाली येणारं पाणी निम्म्यावर आलंय. मामा तोपर्यंत निवृत्त झाले होते. पोरगा त्यांच्याच शब्दांत बोलत होता: "पाणी जातंय, येत नाही." केंद्र अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारले. जमीन हलते आहे का, आणि तुळईचं टोक दिसतं का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं धुरामुळे दिसत नाही. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं.

ब्रँचवरचा जवान खाली आला तो चिडून. आग खरंच आटोक्यात येत होती. गल्लीतले व्यापारी ओरडायला लागले. कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं: "बघा, पळाले." एक व्यापारी केंद्र अधिकाऱ्याच्या अंगावर धावून आला, कारण त्याचा माल वर होता. केंद्र अधिकारी जागचा हलला नाही. शांतपणे म्हणाला, "भाऊ, माल जाईल. माझी माणसं परत मिळणार नाहीत." मग समोरच्या गच्चीवरून आणि शिडीवरून पाणी सुरू केलं. आग विझायला मध्यरात्र झाली. गोदाम पूर्ण गेलं, चौथ्या मजल्याचा थोडा भाग गेला.

इमारत पडली नाही. तिसऱ्या मजल्याची जमीनही जागेवर राहिली. दुसऱ्या दिवशी पाहणी झाली तेव्हा तुळया काळ्या पडल्या होत्या, पण टोकं भिंतीत होती. म्हणजे पोरं आणखी दहा-पंधरा मिनिटं आत राहिली असती तर बहुधा काही झालं नसतं आणि माल बराच वाचला असता. हे त्यालाही कळलं, जवानांनाही आणि गल्लीलाही. दोन दिवस तो कुणाशी फार बोलला नाही.

मला त्याचा निर्णय बरोबर वाटतो आणि तसं मी अहवालात लिहिलं. त्या मिनिटाला त्याच्या हाती जी माहिती होती तीवरून दुसरा निर्णय घेता येत नव्हता. इमारत उभी राहिली ही माहिती दुसऱ्या दिवसाची आहे. इमारत पडली असती तर वाहवा झाली असती, पण त्याने निर्णय अधिक चांगला झाला नसता. हे मी त्याला एकदाच सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगून पटवायला गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर बैठक झाली. मी कोपऱ्यात, चहा घेऊन. नियमाप्रमाणे सगळ्यात नवा आधी. तो ब्रँचवरचाच जवान निघाला, नोकरीला दीड वर्ष झालेलं. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, खरं सांगू? मला नव्हतं यायचं बाहेर. मी तिथे इन्चार्ज असतो तर अजून दहा मिनिटं थांबलो असतो."

सगळे गप्प झाले. केंद्र अधिकाऱ्याने खडू उचलला आणि त्याच्या हातात दिला. "कशावरून थांबला असतास? जिना काढ. तू कुठे उभा होतास ते दाखव आणि तिथून तुला काय दिसत होतं ते सांग."

पोराने जरा वेळ खडू बोटांत फिरवला. मग गुडघ्यावर बसला आणि फरशीवर पहिली पायरी काढायला लागला.